लग्नाला काढलेला फंड

2025 च्या ऑक्टोबरमध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या नियमांबद्दल काही निर्णय घेतले आणि पुढचे आठ दिवस लोकलच्या डब्यात एकच विषय होता. "पैसे आमचे, आणि आम्हालाच अडवणार?" नोकरी सुटल्यावर पेन्शनचा भाग काढायचा तर पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं, ते आता छत्तीस महिने. लोकांचा राग मला कळत होता. ज्याची नोकरी गेलीय, घरभाडं थकलंय, त्याला तीन वर्षांनी ये म्हणणं ही काही साधी गोष्ट नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मी बुटांच्या कारखान्यातून 29 वर्षांनी निवृत्त झाले होते. बायकांचा फंड कसा आणि कधी रिकामा होतो ते मी समोर बसून पाहिलेलं आहे. म्हणून ही बातमी मला जरा वेगळी दिसली.

आमच्या कारखान्यात कातडं कापायला पुरुष, कापलेल्या तुकड्यांच्या कडा तासायला आणि वरचा भाग शिवायला बायका, मग साचा, तळ आणि सोल्युशन पुन्हा बहुतेक पुरुषांकडे. कापणाऱ्याचा ग्रेड वरचा, कारण कातडं वाया गेलं तर नुकसान मोठं, असं सांगायचे. शिवण वाकडी गेली तर जोड फुकट जायचा, पण ग्रेड ठरवताना ते कुणाला आठवत नसे. असो.

मी 1996 साली लागले, तेव्हा 29 वर्षांची होते. मुलगा शाळेत जायला लागला होता. म्हणजे लग्न, बाळंतपण, सगळं आधीच उरकलेलं. माझी नोकरी एकसलग झाली ती एवढ्याचसाठी. त्यात शहाणपण वगैरे काही नाही. त्याच महिन्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक मुलगी आली, वय 21. हात इतका सफाईदार की सुपरवायझर नव्या मुलींना तिच्याकडे बघायला उभं करायचा. 2002 मध्ये तिचं लग्न ठरलं. सासर लांबचं, राजीनामा दिला, फंड काढला. ताटं-वाट्या, मंगळसूत्राचे मणी, थोडं वडिलांच्या कर्जाला. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाटावं तरी का? सरकारी नियमच तसा होता. इतरांना फंडासाठी दोन महिने बेकार राहावं लागे. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला मात्र ती अट नव्हती. नियम करणाऱ्यांनी हे चांगल्या मनानेच केलं असेल. पण त्यामागे गृहीत काय धरलं होतं बघा: लग्न झालं की बाई कामावर परत येणार नाही.

ती परत आली. बहुतेक जणी येतात. 2010 मध्ये आली, दोन मुलं झाल्यावर, आणि कंत्राटदाराकडून. तिथे फंडाचं नाव नव्हतं. 2016 मध्ये फंड सुरू झाला आणि 2024 मध्ये ते कंत्राटच बंद पडलं. म्हणजे आधीची सहा वर्षं आणि नंतरची आठ, अशी चौदा. दरमहा पेन्शनला सेवा दहा वर्षांची लागते. पण सहा वर्षांचे पैसे तिने 2002 मध्येच उचलले, तेव्हा ती सहा वर्षं पुसली गेली. उरली आठ. आज पन्नाशीला पोचलेली ही कारागीर दोन वर्षांसाठी नोकरी शोधते आहे. पगारासाठी तर हवीच, पण मुख्यतः त्या दोन वर्षांसाठी.

मला सगळ्यात लागतं ते हे, की तिला दुसरा रस्ता होता. ज्या 10-सी नावाच्या अर्जावर पेन्शनचे पैसे मागतात, त्याच अर्जावर पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. ते घेतलं की झालेली सेवा जिवंत राहते, पुढच्या नोकरीत जोडता येते. हे तिला ऑफिसात कुणी सांगितलं नाही. फॉर्मवर फुल्या मारून ठेवलेल्या होत्या, "इथे सही करा" एवढंच सांगितलं. म्हणून छत्तीस महिन्यांच्या निर्णयाला मी सरसकट शिव्या घालत नाही. फंडाचे पैसे अडचणीला मिळालेच पाहिजेत, पण पेन्शनची वर्षं ही वेगळी चीज आहे, ती ताटं-वाट्यांत जाऊ नयेत. फक्त नुसतं अडवून भागायचं नाही, समजावून कोण सांगणार?

आता अखंड नोकरी करणारीच्या हाती तरी काय लागतं? माझाच हिशोब सांगते. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. ऐकायला बरं वाटतं. गोम पगारात आहे. 2014 च्या सप्टेंबरआधीच्या वर्षांना पगार जास्तीत जास्त 6,500 धरतात, नंतरच्या वर्षांना 15,000. तुम्ही प्रत्यक्षात किती घेत होता याला अर्थ नाही. वीस वर्षं झालेल्यांना दोन वर्षं वाढवून मिळतात, तीही धरली. एवढं करून माझी पेन्शन चार-साडेचार हजारांत बसते, आणि तिला महागाईभत्ता जोडलेला नाही. एकदा ठरली की ठरली. 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 रुपये झाली. त्या साली हजारात काय काय यायचं ते आपल्या स्वयंपाकघराला विचारा.

ग्रॅच्युइटीने मात्र हात दिला. शेवटचा मूळ पगार आणि महागाईभत्ता, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. मूळ पगार 18,000 असेल तर 29 वर्षांचे तीन लाखांवर होतात. इथेही मेख आहे: मूळ पगार मुद्दाम कमी आणि बाकी सगळे भत्ते, अशी स्लिप असली की ग्रॅच्युइटी आपोआप आटते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा असं आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटी आहे. माझ्या मैत्रिणीसारख्यांना याचा उपयोग व्हावा. होईल का, ते कंत्राटदार कागदावर काय लिहून घेतो यावर आहे.

आणखी एक गोष्ट, जी बुटांच्या धंद्याबाहेर कुणाला सुचणार नाही. वर्षानुवर्षं कातडं ओढून आणि सोल्युशन चोळून आमच्या बोटांचे ठसे झिजतात. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, ही बाई नाहीच! आमच्यातली एक जण तीन वेळा हेलपाटे घालून रडकुंडीला आली. चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय 2021 पासून आहे, मोबाइलवरूनही होतं, आणि फंडाच्या पेन्शनला हा दाखला वर्षात कधीही दिला तरी चालतो, तिथून बारा महिने तो धरतात. नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. तसंच, ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं विमा असून निवृत्त झालेल्यांना वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांना औषधपाणी मिळत राहतं. हेही आपणहून कुणी सांगत नाही.

माझी मैत्रीण सध्या घरी बसून बुटांचे वरचे भाग हाताने शिवते. तमिळनाडूतल्या आंबूर पट्ट्यात हजारो बायका हेच काम ओसरीवर बसून करतात, जोडामागे पैसे घेऊन. सुई तीच, टाका तोच, आणि बूट त्याच दुकानात जातो. फक्त फंडाच्या खात्यात यातला एकही दिवस जमा होत नाही. परवा तिने विचारलं, एखाद्या छोट्या युनिटमध्ये कमी पगारावर लागले, पण फंड भरा म्हटलं, तर ठेवतील का? दोन ठिकाणी मी फोन केलेत. एकाने वय विचारलं आणि कळवतो म्हणाला.