पिशवी काढण्यापूर्वीं

गेल्या श्रावणांत कोंकण रेल्वेच्या वीर स्थानकावर आमची एक पुतणी भेटली. "काका, मुंबईस पिशवी काढावयास चाललें आहें," ती म्हणाली. गर्भाशयास आपण पिशवी म्हणतों, आणि पिशवी म्हटली कीं काम सरल्यावर फेंकून द्यावयाची वस्तु, असेंच मनांत येतें! बीड जिल्ह्यांत २०१९ सालच्या सरकारी पाहणींत ऊंसतोड करणाऱ्या सुमारें ८२,००० स्त्रियांपैकीं १३,००० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें.

पुतणीचें दुखणें मात्र खरें होतें. गाठींमुळें रक्तस्राव अतोनात, औषधोपचार थकलेले, कर्करोगाची शंका तपासणीनें दूर झालेली. प्रश्न एवढाच, कीं शस्त्रक्रिया दुर्बिणीनें करावी कीं यंत्रमानवाच्या हातांनीं. "आणि खालून?" आम्हीं विचारलें. तसें कोणी बोललेंच नव्हतें.

आम्ही वैद्य नव्हे; जें वाचलें व जाणत्यांस विचारलें तें सांगतों. पोट न उघडतां गर्भाशय काढण्याचा जुना मार्ग योनिमार्गाचा. जर्मनींत लांगेनबेक यांनीं तो १८१३ सालीं चोखाळला. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनीं त्याचा हिरीरीनें पुरस्कार केला. पोटावर एकहि छेद नाहीं, खर्च कमी, उठणें लौकर. दुर्बिणीची रीत अमेरिकेंतली, १९८८ सालची. पोटांत वायु भरून बोटाच्या पेराहूनहि लहान अशा तीन-चार छिद्रांतून काम चालतें. पूर्वींच्या शस्त्रक्रियेनें आंतडीं चिकटलेलीं असलीं, अंडाशयांचा कांहीं विकार असला, तर तीच बरी. मात्र तींत मूत्रमार्गास इजा होण्याचा धोका थोडा अधिक. मोठी गाठ आंतच यंत्रानें चुरून काढल्यास लपलेला कर्करोग पोटांत पसरूं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-खात्यानें २०१४ सालीं दिला. यंत्रमानवानें शल्यवैद्याच्या हातास सोय होते. परंतु साध्या विकारांत दुर्बिणीहून रोग्यास अधिक लाभ झाल्याचें तुलनेंत दिसलेलें नाहीं. बिल मात्र वाढतें.

ज्या हातास जो मार्ग सरावाचा, त्यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. म्हणून निःसंकोच विचारावें: खालून होण्यासारखें आहे काय, नसल्यास कां नाहीं, आणि निरोगी अंडाशयें ठेवणार ना? पाळी जाण्यापूर्वीं तीं काढलीं तर हाडें व हृदय दोहोंस बाधतें.

पुतणीनें विचारलें. पुन्हां तपासून शस्त्रक्रिया खालूनच झाली. वीरला परतल्यावर तिच्या सासूबाई टाके शोधूं लागल्या, पोटावर कांहींच दिसेना, तेव्हां म्हणाल्या, "मग कळशी उचलावयास काय हरकत?" जखम आंत आहे, सहा आठवडे जड उचलावयाचें नाहीं, हें त्यांस समजाविण्यांत आमची एक दुपार गेली.