एकट्याचे शिखर, दुसऱ्याचा दोर

२०२५ या एकाच वर्षात एव्हरेस्टच्या संदर्भात दोन घटना घडल्या आणि त्या परस्परांना छेद देणाऱ्या होत्या. वर्षाच्या प्रारंभी नेपाळ सरकारने गिर्यारोहणाचे नियम बदलले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरांवर दर दोन गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक असलाच पाहिजे, असे बंधन घातले. वसंत ऋतूतील एव्हरेस्टचा परवाना ११ हजार डॉलरवरून १५ हजार डॉलरवर नेला. त्यानंतर २२ सप्टेंबर रोजी पोलंडचा आंजेय बार्गिएल कृत्रिम प्राणवायूविना शिखरावर पोहोचला, तेथेच त्याने पायांत स्की चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी तो तळछावणीवर उतरला. प्राणवायूच्या नळकांड्याविना एव्हरेस्टच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्कीवरून उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग. एकीकडे राज्यसंस्था सांगते की, एकट्याने जाऊ नका. दुसरीकडे जग टाळ्या वाजवते ती एकट्याच्या पराक्रमाला. यांतले खरे काय?

या प्रश्नाचे मूळ शोधण्यासाठी १९९६ च्या वसंतात जावे लागते. त्या वर्षीच्या १० आणि ११ मे रोजी एव्हरेस्टवर वादळाने आठ जणांचा बळी घेतला. त्यांपैकी तिघे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान होते. ते उत्तरेच्या, म्हणजे तिबेटच्या बाजूने चढत होते. त्यानंतर अवघ्या पंधरवड्याच्या आत, २३ मे रोजी सायंकाळी, त्याच बाजूच्या ६,४०० मीटरवरील छावणीतून इटलीतील दक्षिण टिरोलचा हान्स कामरलांडर एकटाच निघाला. सोबती नाही, कृत्रिम प्राणवायू नाही, पाठीवर मात्र स्की. रात्रभर चढून सुमारे सतरा तासांत त्याने शिखर गाठले आणि लगेच उतरायला प्रारंभ केला. परंतु उतारावर सलग बर्फच नव्हते. उघड्या खडकांच्या टप्प्यांवर त्याला स्की काढून पायी उतरावे लागले. पराक्रम अजोड होता, पण स्कीवरून केलेले अखंड अवरोहण म्हणून त्याची नोंद होऊ शकली नाही.

यामागे ऋतूचे साधे गणित आहे. आल्प्समध्ये वसंत हा स्कीवरून पर्वत चढण्या-उतरण्याचा हक्काचा काळ. हिवाळ्यातले बर्फ बसलेले असते, रात्री ते गोठते आणि सकाळच्या उन्हात वरचा थर किंचित मऊ होतो. हिमालयाच्या माथ्यावर गोष्ट उलटी. मे महिन्यात, मान्सूनच्या तोंडावर, वरच्या थरांतील वेगवान वारे उत्तरेकडे सरकतात आणि चढाईसाठी काही शांत दिवस मिळतात हे खरे. पण तोवर हिवाळी वाऱ्यांनी वरचे उतार खरवडून काढलेले असतात. पावसाळ्यानंतर ते पुन्हा हिमाने झाकले जातात. म्हणूनच स्लोव्हेनियाच्या दावो कार्निचार याने एव्हरेस्टवरून पहिले अखंड स्की-अवरोहण केले ते ऑक्टोबर २००० मध्ये, आणि बार्गिएलनेही निवडला तो सप्टेंबर. चढाईला सोयीचा ऋतू आणि उतरण्याला सोयीचा ऋतू येथे एक नाहीत.

स्कीचा मोह निव्वळ थराराचा आहे, असे समजण्याचेही कारण नाही. आठ हजार मीटरच्या वर शरीर क्षणाक्षणाने खंगत जाते आणि अनेक अपघात परतीच्या वाटेवर होतात. तेथून जितक्या लवकर खाली येता येईल तितके जगण्याची शक्यता अधिक. स्की ही घाई साधते, पण त्याची किंमतही घेते. तीव्र उतारावर दोर नसताना एक वळण चुकले, तर दुसरी संधी नसते.

आता 'एकट्याने' या शब्दाकडे पाहू. १९७० मध्ये जपानचा युइचिरो मिउरा साउथ कोलवरून, पाठीला पॅराशूट बांधून, स्कीवर घसरत खाली आला. त्यावरील माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. पडद्यावर दिसतो तो एक माणूस आणि एक उतार. परंतु त्याच मोहिमेचे सामान वाहणारे सहा शेर्पा खुंबू आइसफॉलमध्ये बर्फ कोसळून आधीच मृत्युमुखी पडले होते. बार्गिएलच्या अवरोहणातही आइसफॉलमधली वाट दाखवत होता तो त्याच्या भावाने उडवलेला ड्रोन. यामुळे त्याचे कर्तृत्व उणे होत नाही. पण उतरणारा एकटा असला, तरी मोहीम एकट्याची नसते हे लक्षात येते.

नेपाळ सरकारचा युक्तिवाद नेमका येथे बळकट होतो. अपघात झाला तर शोधायला जाणार ते स्थानिकच. मग आरंभापासून त्यांना सोबत घ्या, त्यांना रोजगार द्या. अननुभवी, हौशी ग्राहकांच्या बाबतीत हे रास्तच आहे. परंतु स्कीवरून उतरणाऱ्याला तो नियम लावला, की त्यातील विसंगती उघडी पडते. फ्रान्सचा मार्को सिफ्रेदी २००१ च्या मे महिन्यात उत्तरेकडून स्नोबोर्डवर सुखरूप उतरला होता. सप्टेंबर २००२ मध्ये तो तीन शेर्पांसह पुन्हा शिखरावर पोहोचला. तेथून शेर्पा आपल्या वाटेने परतले आणि तेवीस वर्षांचा हा तरुण हॉर्नबाइन घळीकडे एकटाच वळला. तो परतला नाही; त्याचा देहही सापडला नाही. सोबत तिघे असून तो वाचला नाही, कारण ज्या क्षणी खरा धोका सुरू होतो, त्याच क्षणी ही सोबत संपते. अशा मोहिमेत सक्तीचा मार्गदर्शक संरक्षक ठरत नाही. मृत्यूच्या छायेत आणखी एक माणूस उभा केला जातो, एवढेच. आणि त्याला पायी, अधिक वेळ घेत, खाली यायचे असते.

त्यामुळे सरसकट सक्ती हा उपाय नव्हे, आणि 'पर्वत सर्वांना मोकळा' ही घोषणाही पुरेशी नाही. अधिक न्याय्य मार्ग असा की, निष्णात आरोहकाला त्याच्या पूर्वानुभवाच्या आधारे एकट्याने जाण्याची मुभा द्यावी. मात्र त्याने कोणाच्या दोराचा, शिडीचा, छावणीचा उपयोग केला याचा हिशेब परवान्याबरोबरच जाहीर व्हावा. बचावासाठी कोणाला बोलावणार आणि त्याचा खर्च व विमा कोण उचलणार, हेही आधीच ठरलेले असावे. कोणालाही बोलावणार नाही असे जो म्हणेल, त्याचेही ते वचन लेखी असावे.

कामरलांडरची चढाई आज कोणी नेपाळच्या बाजूने करू म्हणेल, तर ती नियमबाह्य ठरेल. हे पर्वतारोहणाचे नुकसान आहे यात शंका नाही. पण ते भरून काढायचे असेल, तर पहिले पाऊल आरोहकांनी आणि त्यांचे गुणगान करणाऱ्या आपण सर्वांनी उचलायला हवे. 'एकट्याने' हा शब्द लिहिण्यापूर्वी, खाली दोर कोणी बांधला होता, हे एकदा विचारून घ्यावे.