चौदा टक्क्यांचे बोट

नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात माणसाचा हात पेरापेरांनी मोजून ठेवला आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असे धरायचे. तर्जनीचे 14 टक्के, मधल्या बोटाचे 12, अनामिका किंवा करंगळीचे 7. हाड शाबूत राहून तर्जनीचा नुसता शेंडा उडाला तर 5. कारकुनाच्या तर्जनीला हाच दर आणि सतारीची जवारी काढणाऱ्याच्या तर्जनीलाही हाच. तारा टेकतात त्या घोडीच्या पाठीवरचा केसाएवढा चढउतार आपला माणूस त्याच शेंड्याने चाचपतो, पुन्हा कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो. हे परिशिष्टाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

हे परिशिष्ट वाचायची वेळ आमच्यावर आली, तीही उशिरा. काही वर्षांपूर्वी आमच्याच वाद्यांच्या कारखान्यात दांडीचे लाकूड कापताना एका कारागिराची तर्जनी बँडसॉने गेली. दवाखान्याचे बिल आम्ही भरले, वर दहा हजार हातावर ठेवले आणि माणुसकीने वागलो या समाधानात राहिलो. त्यानेही हूं की चूं केले नाही. पुढे एका वकील मित्राने कागदावर हिशेब मांडून दाखवला. वय 35. हिशेबासाठी धरायचे वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये, कारण 2020 पासून कायद्याने तीच कमाल मर्यादा ठरवली होती. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला त्या वयाचा गुणांक 197.06 लावला की 17,73,540 रुपये होतात, आणि त्याचे 14 टक्के म्हणजे जवळजवळ 2 लाख 48 हजार. उपचाराचा खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा. आम्ही दिलेल्या दहा हजारांना माणुसकी म्हणायचे की थकबाकीचा पहिला हप्ता, ते वाचकांनी ठरवावे.

‘आमचे पाच-सात माणसांचे दुकान, आम्हाला कसला आलाय कायदा?’ हे वाक्य आपल्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कारखाना कायद्यापुरते ते बहुतेकदा खरेही असायचे. भरपाईचे तसे नाही. 1923 च्या कायद्यानेच सांगून ठेवले होते की जिथे यंत्रशक्ती किंवा वीज वापरून वस्तू बनते, तिथे काम करणारा माणूस भरपाईला पात्र आहे. तिथे माणसांच्या संख्येची अट नाही. वाकस, पटाशी आणि रंध्यावर सगळे चालत होते तोवर युक्तिवादाला थोडी जागा होती. कारखान्यात पहिली मोटर बसली त्या दिवशी ती संपली. तो जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि कामावर येता-जातानाचे अपघातही काही अटींवर तिने भरपाईच्या कक्षेत आणले.

आणि टक्केवारी ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ओडिशातल्या एका सिनेमागृहात सजावटीचे लाकूडकाम करताना एक सुतार 1968 साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्ट पाहता ते अंशतः अपंगत्व होते. सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या डिसेंबरात मात्र असे धरले की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हा माणूस त्याच्या कामासाठी शंभर टक्के अपंग झाला. भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच लागू होते, भरपाई आयुक्तांनी निकाल दिल्यानंतर नव्हे, हेही त्याच निकालात सांगितले आहे. सुताराच्या हाताला हा न्याय लागला, तर जवारीच्या बोटासाठी तो मागायला उद्या कोणी उभा राहणार नाही असे समजू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे कारागीर ‘घरचा माणूस’ असतो. तो आपल्याला अण्णा किंवा चाचा म्हणतो, त्याचा बाप आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला असतो, ईद-दिवाळीचे ताट एकमेकांकडे जाते. हे सगळे खरे आहे आणि चांगले आहे. पण घरच्या माणसाचे नाव हजेरीच्या वहीत नसते. मजुरी नगावर, तीही उचल वजा करून, तोंडी हिशेबाने. अपघात झाला की मग तो कामगार होता की ‘असाच येऊन-जाऊन’ होता इथून वाद सुरू होतो, आणि त्या वादात घरोबा सगळ्यात आधी बळी जातो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो काढले. त्या फोटोंतल्या किती हातांची कुठे लेखी नोंद आहे? पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, होडी बांधणारा आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. वाद्य करणारा नाही. सरकारने वगळले म्हणून आपण ओरडतो. आपल्या वहीने वगळलेल्यांचे काय?

आता यंत्राकडे. बँडसॉचे वरचे गार्ड लाकडाच्या जाडीपर्यंत खाली आणायला अर्धे मिनिट लागते. ‘दर कापाला कोण खालीवर करणार’ म्हणून ते कायम वर अडकवलेले असते आणि वीतभर पाते उघडे फिरते. शेवटचा काप हाताने रेटू नका, ढकलायला फळीचा तुकडा ठेवा. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नका, मोजा पात्यात अडकला तर हात ओढून नेतो. कामगाराने मुद्दाम गार्ड काढले तर मालकाला कायद्यात बचाव आहे, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तोही चालत नाही. जुन्या बाजारातून गार्डाशिवाय आणलेल्या यंत्राबद्दल तर बोलायलाच नको.

बोट तुटले की रक्त दिसते. धूळ दिसत नाही, आणि आमच्या मते आपल्या धंद्यातला मोठा धोका तोच आहे. तून, शिसम, सागवान यांची पॉलिशपेपरची पिठासारखी धूळ बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहते. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्यांच्या गावात फर्निचर कारागिरांना नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा फार जास्त होतो, हे 1960 च्या दशकात तिकडच्या डॉक्टरांनी नोंदवले. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातली. शिसमच्या जातीच्या लाकडांनी कातडीला खाज आणि पुरळ येते, हे तर आपल्यापैकी निम्म्यांनी अंगावर अनुभवले असेल. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. एन-95 मास्क हवा, यंत्राच्या तोंडाशी धूळ ओढणारी नळी हवी. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडायची सवय तर आजच सोडा, खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकाशी येते. सेंद्रिय धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात आहे. दम लागणाऱ्या कारागिराला ‘वय झालं’ म्हणून घरी पाठवण्यापूर्वी हे आठवावे.

आगीबद्दल एवढेच की नक्षीच्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि चपड्याचे स्पिरिट एका कपाटात ठेवू नका, आणि त्या कपाटाजवळ विडी पेटवू देऊ नका.

भरपाईच्या जोखमीवरचा उपाय महाग नाही. सर्वसाधारण विमा कंपन्या कर्मचारी भरपाईची पॉलिसी देतात. हप्ता माणसांची संख्या, मजुरी आणि कामाचा प्रकार पाहून ठरतो. घेताना दोन गोष्टी विचारा: उपचाराचा खर्च त्यात आहे का, आणि नगावर काम करणारे धरले आहेत का. भरपाईचे देणे महिन्याच्या आत दिले नाही तर 12 टक्के व्याज लागते, शिवाय निम्म्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही, आपल्याच खिशातून जातो. वर्षाला 20 रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना जरूर घ्या, पण तिच्यात हात, पाय किंवा डोळा गेला तर पैसे मिळतात. बोटाला ती ओळखत नाही.

या अंकासोबत हजेरी आणि मजुरीच्या नोंदीचा एक कोरा तक्ता दिला आहे. नाव, वय, कामाचे दिवस, नग, दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. येत्या एक तारखेपासून तो भरायला घ्या, आणि पहिले नाव त्याचे लिहा, ज्याला आपण सगळ्यात जास्त घरचा समजतो.