सौर इशारा-दिवे व त्यांच्या जाहिराती

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे रात्रीं आमच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची व दोन-दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. शेतांतील पाणंद जेथें डांबरी सडकेस मिळते तेथें बहुधा दिवा नसतो. बांधाआडून भरलेली गाडी वर येते, व भरधाव येणाऱ्या मोटारवाल्यास ती अगदीं जवळ आल्यावरच दिसते. सन २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत आपल्या देशांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्या सर्वांस अंधारच कारण झाला असें नव्हे. परंतु जेथें अंधार हें कारण आहे, तेथें उपाय आपल्या हातचा आहे.

हा उपाय म्हणजे सूर्याच्या उन्हावर चालणारा लुकलुकता दिवा होय. त्यास तार ओढावी लागत नाहीं व वीजबिल येत नाहीं. पिवळा दिवा ‘सावकाश, जपून जा’ असें सांगतो. तांबडा दिवा ‘थांबा, पाहा, मग पुढें जा’ असें बजावतो. गाडीच्या पाठीमागील तांबड्या परावर्तक पट्ट्यांची जागा मात्र तो घेऊं शकत नाहीं, दोन्हीं पाहिजेत.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. बंद पडलेला इशारा-दिवा हा मुळींच नसलेल्या दिव्यापेक्षां अधिक घातक होय. नेहमींचा वाहनवाला त्या दिव्याच्या खुणेवर विसंबतो; तो दिसला नाहीं म्हणजे फाटा अजून पुढें आहे असें समजून तो वेग कमी करीत नाहीं.

दिवा बंद पडतो तो बहुधा बॅटरीमुळें. दोन वॅटचा दिवा निम्मा वेळ पेटतो असें धरल्यास हिवाळ्याच्या १३ तासांच्या रात्रीस १३ वॅट-तास वीज लागते. आभाळाच्या तीन रात्रींस ३९. बारा व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरींत ८४ वॅट-तास मावतात. तिची निम्मी वीज खर्चिली तरी तीन रात्री निभावतात. तिच्या जागीं १.३ अँपिअर-तासांची बॅटरी घातली, तर दुसऱ्याच रात्रीं दिवा मावळतो. बाहेरून दोन्ही दिवे सारखेच दिसतात!

हल्लीं असा माल मोबाईलवरील जाहिराती पाहून घेतला जातो. त्यांत ‘२५ वर्षांची हमी’ ठळक अक्षरांत असते. ती पॅनेलची असते, बॅटरीची नव्हे. बॅटरी कांहीं वर्षांतच बदलावी लागते, हें सांगण्याची तसदी थोडेच घेतात. सन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व सन २०२० चे ई-वाणिज्य नियम यांअन्वयें विक्रेत्यानें आपलें नांव, पत्ता, मालाचा उत्पादक देश, हमीची माहिती व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव प्रसिद्ध करणें बंधनकारक आहे. जेथें हें दिसत नाहीं, तेथें पैसे पाठवूं नयेत. फसगत झाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुण आतां सौर सामानाच्या धंद्यांत पडले आहेत. त्यांस आमचें सांगणें असें कीं, आपल्या संकेतस्थळावर चकचकीत चित्रांऐवजीं तीन गोष्टी छापाव्या : ऊन नसतां दिवा किती रात्री चालतो, बॅटरी कितीची व केव्हां बदलावी, आणि दुरुस्तीस तालुक्यांत कोण येतो. दोन पावसाळे सोसून चालू असलेल्या दिव्याचें चित्र हीच खरी जाहिरात होय. शेतकरी एकदां फसला तर गांवभर सांगतो, पण समाधान पावला तरीही सांगतोच.

सोसायट्यांनींही गळिताच्या आधीं धोक्याचे फाटे मोजावे. सडक ज्या खात्याच्या ताब्यांत असेल त्याची परवानगी घेऊन दिवे बसवावे. आणि दर आठवड्यास पॅनेलवरील धूळ पुसण्याचें व रात्रीं दिवा पाहण्याचें काम एका माणसाकडे नेमून द्यावें. नव्या बॅटरीची रक्कम दिवा घेतांनाच बाजूस काढून ठेवावी. हें होणार नसेल, तर दिवा न लावणेंच बरें.