खाचरातला राडा आणि रस्त्यावरचा राडा

आषाढ लागला की लोणावळ्याच्या बातम्यांचे मथळे जणू छापून तयारच असतात. भुशी धरणावर पर्यटकांचा राडा, टोलनाक्यावर राडा, हॉटेलात बिलावरून राडा. नेमक्या त्याच दिवसांत, त्या हॉटेलांपासून आणि टोलनाक्यांपासून हाकेच्या अंतरावर, पवनेच्या आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातील शेतकरी गुडघाभर चिखलात उभा असतो. तो चिखलही राडाच. एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांशेजारी नांदत आहेत. त्यातला पहिला अर्थ मात्र दिवसेंदिवस ऐकू येईनासा झाला आहे.

मावळच्या शेतकऱ्याचे वर्ष राब भाजण्यापासून सुरू होते. पालापाचोळा, शेणी, वाळक्या डहाळ्या पसरून उन्हाळ्यात वाफा भाजायचा, मृगाच्या आगेमागे त्यात भाताचे बी टाकायचे आणि आषाढात खाचरे तुडुंब भरली की चिखलणीला लागायचे. घाटमाथ्यावरचा पाऊस म्हणजे गंमत नव्हे. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पण आकाशातून पडलेले पाणी पिकाच्या कामाचे व्हायचे तर ते खाचरात टिकावे लागते. म्हणून साचलेल्या पाण्यात माती इतकी घोळायची, की तिची ढेकळे पार विरून जावीत, खाली पाणी न मुरू देणारा थर बसावा, तण गाडले जावे आणि बोटाने टेकवताच रोप सहज रुजावे. पूर्वी हे काम बैलांकडून होई, आता पॉवर टिलर आला आहे. राडा नीट झाला नाही, तर पुढचे चार महिने शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय हे काम एकट्याचे नाही. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी इर्जिक घालून सारी आळी एकत्र उतरत असे. ज्याचे शेत, त्याच्या घरी त्या दिवशी सर्वांचे जेवण. अंगावर चिखल उडाला म्हणून कुणी कुणाशी भांडत नसे.

शब्दाचे कुळ पाहू गेले तर मोठी मौज आहे. ‘राडा’ म्हणजे चिखल, रेंदा, कालवाकालव. त्याच्या जवळचा ‘राड’ हा शब्द. शिमग्यात धुळवडीच्या दिवशी चिखल उडवीत खेळायचे, त्याला ‘राड खेळणे’ म्हणत. याच ‘राड’चा दुसरा अर्थ भांडण, तंटा. हिंदीत त्याचा भाऊ ‘रार’ म्हणून नांदतो आणि प्राकृतातही ‘राडि’ म्हणजे कलहच. चिखलाचा राडा आणि कलहाची राड हे मुळात एक की दोन, हे व्युत्पत्तिकारांनी ठरवावे. बोलणाऱ्यांनी मात्र त्यांना केव्हाच एकत्र कालवून टाकले. शिमग्याच्या राडीत चिखलही होता आणि लटके भांडणही होते, म्हणून ही कालवणूक सहज झाली असावी, असे मला वाटते. राडीलाही मर्यादा होती, हे मात्र विसरता येणार नाही. ती एका दिवसाची असे. संध्याकाळी अंघोळ केली की ती संपत असे.

ही मर्यादा सुटली ती शहरात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि नाक्यांवर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘राडा’ हा शब्द हाणामारीसाठी रूढ झाला. वृत्तपत्रांना तो आवडला, कारण दोन अक्षरांत मथळा बसतो. राजकारणाला आवडला, कारण त्यात दरारा होता. ‘राडा करणारा पोरगा’ ही एके काळची तक्रार हळूहळू शिफारस होऊन बसली. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. एखादे गाणे गाजले, एखाद्या फलंदाजाने षटकारांची बरसात केली, मित्राच्या लग्नात वरात दणक्यात निघाली, की तरुण मंडळी कौतुकाने म्हणतात, “राडा केला!” चिखलापासून हाणामारीपर्यंत आणि हाणामारीपासून वाहवापर्यंत एवढा प्रवास या शब्दाने केला. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांना भिडले, त्याचेही वर्णन ‘विधानभवनात राडा’ असेच झाले. कायदे करण्याची वास्तू आणि रस्त्यावरचा नाका यांच्यासाठी एकच शब्द पुरला.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात रडायचे काय, असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. आपला ‘साहस’ हा शब्दच पाहा. स्मृतिकारांनी तो गुन्ह्यांच्या यादीत घातला आहे. मनुस्मृतीतील अठरा विवादपदांपैकी ते एक. बळजबरीने, उघड दांडगाई करून केलेले कृत्य म्हणजे साहस, आणि त्याला दंड सांगितलेला. आज आपण मुलांना साहस शिबिराला पाठवतो आणि शूर बालकांचे साहस म्हणून कौतुक करतो. तेव्हा भाषा ही तुंबलेले तळे नव्हे, हे मान्य. ‘राडा’ हा परका शब्द आहे, असेही नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चाळणीतून तो सहीसलामत खाली उतरेल. तो अस्सल इथल्या मातीचा, किंबहुना मातीच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या शब्दाचे व्याकरण तपासून पाहावे. ‘मारहाण’ म्हटले की कुणी केली आणि कुणाला केली, हे लगेच विचारावे लागते. ‘विनयभंग’ म्हटले की एक अपराधी आणि एक पीडिता समोर येते. ‘तोडफोड’ म्हटले की कुणाचे तरी नुकसान झालेले असते. राडा मात्र नुसता ‘होतो’, पाऊस होतो तसा. त्यात कर्ता दिसत नाही, कर्म दिसत नाही. ज्याने काठी उगारली आणि ज्याच्या डोक्यात ती बसली, असे दोघेही राड्यातलेच होऊन जातात. धबधब्याखाली दारू पिऊन आलेल्या टोळक्याने एखाद्या कुटुंबातील मुलीची छेड काढली, तिच्या भावाने जाब विचारला आणि त्याला मार बसला, तर दुसऱ्या दिवशी वाचायला काय मिळते? दोन गटांत राडा. तो भाऊ बिचारा एका रात्रीत ‘गट’ झाला!

पोलिसांच्या दप्तरात हा शब्द चालत नाही, ही जमेची बाजू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेकायदेशीर जमावासाठी १८९, दंग्यासाठी १९१ आणि सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करण्यासाठी १९४ अशी निरनिराळी कलमे आहेत. हवालदारालाही नेमके काय घडले ते लिहावेच लागते. मग हीच चौकशी आपण आपल्या घरात का करू नये? महाविद्यालयातून आलेला मुलगा “आज कॉलेजात राडा झाला” असे सांगतो आणि आपण हसून पुढचा घास घेतो. “कुणी कुणाला मारले? तू कुठे होतास?” हे दोन प्रश्न ज्या घरात विचारले जातात, तिथे मुलाला उत्तर शोधताना थोडे थांबावे लागते. तेवढे थांबणे पुरते.

मावळापुरते बोलायचे तर हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. जलवाहिनीच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलता येईल, तो या लेखाचा विषय नाही. पण त्या दिवसाबद्दल बोलताना, तेव्हा शाळेतही न गेलेला आजचा एखादा तरुण सहज म्हणून जातो की, “तेव्हा एक्स्प्रेस हायवेवर मोठा राडा झाला होता.” त्याच्या मनात काही वाईट नसते. पण टोलनाक्यावर सुट्या पैशांवरून झालेली बाचाबाची आणि तीन शेतकऱ्यांचे मरण एका शब्दात मावली, की त्या मरणाचे वजन उरत नाही.

याच सह्याद्रीच्या कुशीत, शेजारच्या मुळशी पेट्यात, १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उठले होते. भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. त्या पिढीने आपल्या कृतीला नाव देताना केवढी काळजी घेतली! आरंभीच्या लढ्याला सत्याग्रह म्हटले. पुढे बापटांनी तोडफोडीचा मार्ग धरला, तेव्हा याला सत्याग्रह म्हणायचे की नाही, यावर महाराष्ट्रात वाद झाला. बापटांनी आपल्या मार्गाला ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हटले, इतरांना ते पटले नाही. कोण बरोबर होते हे क्षणभर बाजूला ठेवू. कृतीचे नाव काय, यावर माणसे भांडत होती, कारण त्या नावातच तिची जबाबदारी होती. आणि त्याही आधी, शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तो काही हौसेखातर नव्हे. राज्य चालवायचे तर प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक व्यवहाराला आपला नेमका शब्द हवा, ही त्यामागची दृष्टी होती. ज्या मावळ्यांच्या बळावर ते राज्य उभे राहिले, त्यांच्या खोऱ्यात आज शब्दांची ही दैना.

भुशी धरणाचा उल्लेख वर आला. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले हे धरण आज शनिवार-रविवारी गर्दीने वाहते. ३० जून २०२४ रोजी तेथील धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते बिचारे कुठल्याही धांगडधिंग्यासाठी आलेले नव्हते, कुटुंबासह पाऊस पाहायला आले होते. पाणी अचानक चढले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मनाई आदेश काढले. दर पावसाळ्यात असे आदेश निघतात, आणि ते धुडकावणाऱ्यांच्या चित्रफिती कौतुकाने फिरतात. अशा वेळी शोध घ्यायला उतरतात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची स्थानिक मुले. दोर, काठ्या आणि सह्याद्रीची ओळख एवढ्या भांडवलावर, रात्री-अपरात्री, कमरेएवढ्या गाळात. खरा राडा तुडवतात ती ही मुले. त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

आता या शब्दाचा तिसरा भाऊ राहिला : राडारोडा. पाडलेल्या आणि बांधलेल्या इमारतींचा विटा-मातीचा कचरा. महापालिकांच्या फलकांवरही तो याच नावाने झळकतो : ‘येथे राडारोडा टाकू नये’. २०१६ साली त्याच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियमही झाले. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मावळच्या जमिनीला भाव आले. खाचर विकले गेले की पहिले काम भराव घालण्याचे. बांधांनी अडवलेले पाणी, पिढ्यान्‌पिढ्या घोळून बसवलेला तो चिखलाचा थर, यांवर ट्रकने शहराचा राडारोडा ओतला जातो आणि वर हिरवळ लावून बंगला उभा राहतो. एकदा भराव पडला की ते खाचर पुन्हा खाचर होत नाही. ओढ्याकडे जाणारे पाणीही मग शेजाऱ्याच्या खाचरात घुसते. त्याचे रोप कुजले, तर दाद कुठे मागायची? विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. शेती परवडत नाही आणि मुलाला शिकवायचे आहे, ही त्याची अडचण खोटी नाही. पण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली जो ‘इंद्रायणी’ भात दिला आणि जो पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत आवडीने शिजतो, तो याच राड्यात पिकतो, हे त्या भाताची पिशवी विकत घेणाऱ्यांना ठाऊक असायला हरकत नाही. आंबेमोहराची तर आठवणच काढायला नको. वासावरून ओळखणारी पिढीच आता थोडी उरली आहे.

अलीकडे शहरातील काही शाळा आषाढात मुलांना भातलावणी पाहण्यासाठी मावळात आणतात. उपक्रम चांगला आहे. पाच-दहा मिनिटे मुले नाक मुरडतात, मग पँटी दुमडून उतरतात, आणि रोप सरळ का उभे राहत नाही म्हणून शेतकरीण आजींना विचारू लागतात. दुसरीकडे काही रिसॉर्टांनी तिकीट लावून ‘मड फेस्टिव्हल’ सुरू केले आहेत. तिथे टँकरने पाणी आणून चिखल करतात आणि मोठ्या आवाजात गाणी लावतात. दोन तासांनी मंडळी शॉवरखाली जातात. त्या चिखलात काही लावायचे नसते.

भातलावणीला आलेल्या एखाद्या मुलाला विचारून पाहावे, राडा म्हणजे काय? बसमधून उतरताना तो एक उत्तर देईल. परत बसमध्ये चढताना, नखांत अडकलेली माती काढत, कदाचित दुसरे.