वालधुनी कुणाची?

अंबरनाथजवळचा काकोळे तलाव जी.आय.पी. रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधला. आज त्याचेच पाणी शुद्ध करून, 'रेल नीर' म्हणून बाटलीतून प्रवाशांना विकले जाते. तलावाला मालक आहे, म्हणून तो राखला जातो. त्याच डोंगरातून येणारी वालधुनी मात्र इ. स. १०६० च्या शिवमंदिराशेजारून उल्हासनगरात शिरते, ती नाक दाबायला लावीतच! २०१४ साली तिच्यात ओतलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो माणसे इस्पितळात गेली. आमच्या घरी तिला 'नाला'च म्हणतात. ती नदी आहे हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण आपापल्या हद्दीपुरते पाहतात. माझ्या मते तलावापासून खाडीपर्यंत एकच जबाबदार यंत्रणा हवी, आणि तिने प्रथम रात्रीचे टँकर अडवावेत.