सहा पक्ष्यांची फूटपट्टी

नोव्हेंबर उजाडला की शाळांच्या फलकांवर पक्षी उतरतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपल्या राज्यात पक्षीसप्ताह म्हणून साजरा होतो. कधी तो दिवाळीच्या सुट्टीत सापडतो, मग शाळा दिवस पुढे-मागे करून घोषवाक्यं, रांगोळी आणि चित्रकला स्पर्धा उरकून घेतात. अशा स्पर्धांची चित्रं बघायचा योग मला बऱ्याचदा येतो. पिसारा फुलवलेला मोर, तळ्यातले दोन हंस, पेंग्विन, एखादं शहामृग. मुलांनी जीव ओतून रंगवलेली असतात. पण ज्या वर्गात बसून ती काढली, त्याच वर्गाच्या खिडकीत रोज येऊन बसणारी साळुंकी एकाही कागदावर नसते.

मुलांचा यात दोष नाही. आपण त्यांना पक्षी दाखवला तो तक्त्यावर आणि पडद्यावर. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन बघायला मुलं रांगेत उभी राहतात, राहावंच. पण त्याच बागेतल्या जुन्या झाडांवर तांबट टुकटुक करत असतो आणि वर घारी फिरत असतात, तिकडे मान वर करून बघा असं सोबतचं मोठं माणूस सांगत नाही, कारण त्या मोठ्या माणसालाही ते कधी कुणी सांगितलेलं नसतं. पालकांना वाटतं, पक्षी दाखवायचे तर भिगवणला न्यायला हवं, दुर्बीण घ्यायला हवी, पहाटे गाडी काढायला हवी. मग ते वर्षातून एकदा घडतं किंवा घडतच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्राथमिक शाळेत पहिलं वर्षभर मुलांना फक्त सहा पक्षी शिकवावेत: चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा आणि घार. सातवा शिकवायची घाई करू नये.

हे सहाच का, तर हा क्रम लहानापासून मोठ्यापर्यंतचा आहे. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, पारवा ३३, कावळा ४०च्या आसपास आणि घार ६०. झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी किती सेंटिमीटरचा, हे मुलाला सांगता येणार नाही, मलाही येत नाही. पण तो साळुंकीपेक्षा मोठा होता की लहान, हे साळुंकी नीट पाहिलेल्या मुलाला लगेच सांगता येतं. सालिम अलींनी १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक काढलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक पक्ष्याचा आकार असाच दिला: चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा थोडा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. हे सहा पक्षी म्हणजे पक्षीनिरीक्षणाची फूटपट्टी आहे. ती हाती नसेल तर बाकीच्या शेकडो पक्ष्यांची चित्रं पाठ करून काही उपयोग होत नाही, आणि ती हाती असली की मूल आपल्या बळावर पुढे जातं. ‘कावळ्याएवढा होता, पंख विटकरी, शेपूट लांब, डोळे लाल, जमिनीवर दमदार चालत कुंपणात शिरला,’ एवढं एखाद्या मुलीने सांगितलं की तो भारद्वाज. ‘चिमणीपेक्षा किंचित मोठा, हिरवा, कपाळ लाल, शेपूट आखूड’ म्हणजे तांबट. चिमणीपेक्षाही लहान आणि फुलात चोच घालणारा असला तर तो बहुधा शिंजीर. मोजमाप मुलीचं स्वतःचं आहे, आपण फक्त नाव पुरवतो.

हे प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो. पुण्यातल्या एका महापालिका शाळेत चौथीच्या बाईंनी मुलांना मधल्या सुट्टीनंतर मैदानाच्या कडेला बसवलं. सुट्टीत सांडलेले पोहे टिपायला साळुंक्या उतरल्या होत्या, पलीकडे भिंतीलगत चिमण्या. बाईंनी एकच प्रश्न दिला: यातलं कोण चालतं आणि कोण उड्या मारतं? गडबड एकदम थांबली. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकापुढे एक पाय टाकत ऐटीत चालते. पारवा चालताना मान पुढे-मागे करतो. कावळ्यावरून मात्र वाद पेटला. अर्धा वर्ग म्हणत होता चालतो, अर्धा म्हणत होता उडी मारतो. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, कावळा दोन्ही करतो. तेवढ्यात साळुंक्या उडाल्या आणि मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “बाई, उडताना हिच्या पंखात पांढरं दिसलं. बसलेली असताना ते कुठं गेलं?” साळुंकीच्या पंखातला तो पांढरा पट्टा बसल्यावर मिटल्या पिसांखाली जवळजवळ दडून जातो. बाईंनी उत्तर दिलं नाही. “पुन्हा उतरली की बघू,” म्हणाल्या. पुढची दहा मिनिटं वर्ग साळुंकी परत येण्याची वाट बघत होता, आणि ती आल्यावर पंख कसे मिटतात इकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. डोळ्यामागची उघडी पिवळी कातडी, पिवळी चोच, पिवळे पाय, काळं डोकं, शेपटीचं पांढरं टोक, हे सगळं मग न सांगताच वह्यांमध्ये उतरलं.

त्या बाई पक्षीतज्ज्ञ नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण शिक्षकांशी बोललं की पहिली अडचण हीच निघते: आम्हालाच पक्षी ओळखता येत नाहीत, मुलांनी भलतंच विचारलं तर? सहा पक्षी कोणत्याही शिक्षकाला एका आठवड्यात येतात. मुलांनी सातवा विचारला तर फळ्यावर त्याचं वर्णन लिहून ठेवावं, शोधायला दोन दिवस घ्यावेत. परिसर अभ्यासाचा तास आहेच, त्यातली वीस मिनिटं पुरतात. सकाळच्या सत्रात भरणाऱ्या शाळांची तर सोयच आहे, पक्ष्यांची धांदल उन्हं चढायच्या आधीच जास्त असते.

कावळ्यावर मला थोडं थांबायचं आहे. मराठी घरातलं मूल घास खाताना सगळ्यात आधी चिऊ आणि काऊ या दोघांनाच भेटतं, आणि तरी दहा वर्षांच्या मुलाला विचारा, कावळ्याची मान कोणत्या रंगाची? उत्तर येतं, काळी. आपल्या गल्लीतल्या गावकावळ्याची मान राखाडी असते. सबंध काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा, झाडी असलेल्या भागात तोही दिसतो. इतक्या जवळच्या पक्ष्यात एवढा उघड फरक होता आणि तो आपल्याला दिसला नव्हता, हे ज्या दिवशी मुलाला कळतं त्या दिवसापासून ते प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा बघायला लागतं. त्यानंतर तिसरा काळा पक्षी आणावा, कोकीळ. चोच फिकट हिरवट, डोळा लालभडक, आणि उन्हाळ्यात ‘कुहू’ची चढती साद घालणारा हा नर. मादी वेगळीच दिसते, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, त्यामुळे मुलांना आधी तो निराळाच पक्षी वाटतो. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात, हे ऐकून वर्गात जी न्यायनिवाड्याची चर्चा सुरू होते ती शिक्षकाने अजिबात थांबवू नये.

सालिम अलींच्या लहानपणची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथे मिलार्डसाहेबांनी ती कोणती चिमणी ते सांगून संग्रहातले पक्षी दाखवले. आपण ही गोष्ट सांगतो ती मिलार्डांच्या मोठेपणाची म्हणून, आणि ते मोठे होतेच. पण माझ्या मते खरी घटना त्याआधी घडून गेली होती. ही चिमणी नेहमीची नाही, हे त्या पोराला कळलं, कारण नेहमीची चिमणी त्याच्या डोळ्यांत पक्की बसलेली होती. वेगळं ओळखायला आधी रोजचं माहीत असावं लागतं.

आणि इथेच मला काळजी वाटते. फूटपट्टीची पहिली खूणच मोठ्या शहरांत पुसट होत चालली आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात चिमणी देशभरात साधारण टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत कमी झाली आहे, असं दिसलं. पारव्यांचं उलट, त्यांची संख्या वाढते आहे. काचेच्या आणि सपाट भिंतींच्या इमारतीत चिमणीला घरट्याला फट मिळत नाही, पिलांना भरवायला लागणाऱ्या अळ्या-किडे फवारलेल्या, फरशी घातलेल्या आवारात मिळत नाहीत. पारव्याला मात्र एसीच्या खोक्यामागची जागा आणि कुणीतरी टाकलेले दाणे एवढं पुरतं. काही वसाहतींतल्या मुलांना पक्षी म्हटलं की पारवाच आठवतो. अशा ठिकाणी मी शिक्षकांना सुचवतो की चिमणी शोधण्याचं काम मुलांवरच सोपवा: किराणा दुकानासमोर, मंडईत, जुन्या वाड्याच्या वळचणीला, बसथांब्याच्या पत्र्याखाली. आपल्या वॉर्डात चिमणी कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा पाचवीचा वर्ग करू शकतो, आणि तो नकाशा नगरसेवकालाही दाखवण्याजोगा असतो. चिमणी सापडली की नराच्या गळ्याखालचा काळा डाग आणि मादीचा साधा मातकट रंग बघायला विसरू नये. निम्मी मुलं त्यांना दोन जातींचे पक्षी समजतात.

उंच इमारतीतल्या मुलांना एक गोष्ट मात्र जमिनीवरच्या मुलांपेक्षा चांगली दिसते, ती घार. पंधराव्या मजल्याच्या गॅलरीतून घार वरून बघता येते. शेपटीच्या टोकाला खाच असते आणि वळताना ती शेपूट कशी तिरपी करते हे तिथून स्पष्ट दिसतं. शहरात ‘गरुड दिसला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक वर्णनांत ही खाच असतेच.

आता मोबाइलविषयी. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगणारी अ‍ॅप आता फुकट मिळतात, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन त्यात सगळ्यांत परिचित. ते उत्तम साधन आहे आणि मी स्वतः ते वापरतो. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ते पहिल्या दिवशी देऊ नये. नाव हाती आलं की मूल बघायचं थांबतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आपण मोठी माणसंही तेच करतो: मुलाने बोट दाखवलं की चटकन “बुलबुल आहे तो” म्हणून मोकळे. त्याऐवजी विचारावं, डोक्यावर तुरा आहे का, शेपटीखाली कोणता रंग, गालावर लाल ठिपका आहे की नाही. त्या एका ठिपक्यावर लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल वेगळे होतात. मुलाने चार खुणा सांगितल्या की मग नाव द्यावं, ते जन्मभर राहतं. छापील साधनं हवी असतील तर मैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनने ‘अर्ली बर्ड’ या उपक्रमात भारतीय भाषांमधून मुलांसाठी सुरेख तक्ते आणि खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिका केल्या आहेत.

दोन गोष्टी शाळांनी कटाक्षाने पाळाव्यात. घरट्याजवळ मुलांना नेऊ नये आणि घरट्याचे फोटो स्पर्धेला मागू नयेत. शिंप्याने पानं शिवून केलेलं घरटं बघायची ओढ मलाही कळते, पण फांदी वाकवली की पिलं कावळ्याच्या नजरेला पडतात. आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून पक्षी कासावीस होतो, विणीच्या दिवसांत तर फारच. सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवावं, रोज धुवावं. शेव-फरसाण टाकू नये.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, किमान पंधरा मिनिटं एका जागी बघून नोंद करायची असते आणि आपल्या देशातल्या शाळा-महाविद्यालयांची आवारंही त्यात भाग घेतात. नोव्हेंबरात सहा पक्ष्यांपासून सुरुवात केलेला वर्ग तोवर सहज तयार होतो. फेब्रुवारीपर्यंत तांबटाची टुकटुक वाढलेली असते, पांगारा-सावरीच्या फुलांवर भोरड्यांचे थवे येतात, आणि दिवाळीत पिवळसर, फिका दिसणारा शिंजिराचा नर हळूहळू जांभळा-काळा चमकायला लागलेला असतो.

या आठवड्यात शाळांना माझी एकच विनंती आहे. स्पर्धेऐवजी शाळेच्या दारालगतच्या भिंतीवर एक कोरा तक्ता लावा, पाच-सहा वर्षं टिकेल असा. त्यावर पहिलं नाव थिरथिऱ्याचं लिहा. हिमालयातून आणि त्याच्या पलीकडून येणारा हा चिमणीएवढा पाहुणा ऑक्टोबरच्या आसपास आपल्या आवारात दाखल होतो, कुंपणावर बसून तांबूस शेपूट सारखी थरथरवतो आणि उन्हाळा लागता लागता परत जातो. तो पहिल्यांदा कुणाला दिसला, कोणत्या तारखेला, आणि शेवटचा कधी दिसला, एवढं तिथे लिहायचं. पुढच्या वर्षी पुढचा वर्ग त्याच्याखाली आपली तारीख लिहील.